पहिला पसंतीक्रम

डोक्यावर हेल्मेट, तोंडावर रुमाल आणि हातात आधारकार्ड, अशा अवतारात मी सोनालीच्या दुकानात रांगेत उभा होतो. आधारकार्डाची झेरॉक्स मला नको होती. मला फक्त ऐकायचं होतं, की माझी पोरं इथं येऊन नेमकं विचारतात काय.

रांगेत अकरा जण होते. त्यातली नऊ माझ्या दहावीच्या वर्गातली. माझा नंबर आला. सोनालीनं कॉम्प्युटरवरून मान वर न करता म्हटलं, "सर, हेल्मेट काढा. घाम येतोय तुम्हाला."

मागची रांग हसली नाही. म्हणजे सगळ्यांनी मला आधीच ओळखलं होतं.

मी माळशेज रस्त्यावरच्या एका माध्यमिक शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवतो. राहायला आसनगावला, येणं-जाणं मोटारसायकलनं. शिवाय मी शाळेचा करिअर मार्गदर्शक शिक्षक आहे. दहावीनंतर कुठले विषय घ्यायचे, कुठली शाखा, कुठलं कॉलेज, हे पोरांना सांगायचं काम. त्यासाठी मी तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, प्रमाणपत्र लॅमिनेट करून आणलं आणि खेळाच्या सामानाची खोली रिकामी करून घेतली. दारावर पाटी लावली: 'समुपदेशन कक्ष'. भिंतीवर ड्रॉइंगच्या सरांकडून एक झाड काढून घेतलं. खोडावर 'दहावी', फांद्यांवर विज्ञान, वाणिज्य, कला, आयटीआय, डिप्लोमा. पहिल्या महिन्यात त्या खोलीत एकच विद्यार्थी आला. त्याला व्हॉलीबॉलचा पंप हवा होता.

बाकी सगळे टोकावड्याच्या नाक्यावर सोनाली पष्टेकडं जायचे. झेरॉक्स, दाखले, ऑनलाइन फॉर्म, असं एका शटरचं दुकान. सोनाली माझीच जुनी विद्यार्थिनी. संध्याकाळी घरी जाताना मी गाडी हळू करून तिच्या दाराबाहेरच्या चपला मोजायचो. मला मत्सर वाटतो असं मी तेव्हा मान्य केलं नसतं. स्टाफरूममध्ये मी त्याला 'मार्गदर्शनाच्या दर्जाबद्दलची चिंता' म्हणायचो.

आता हे सगळे तिच्याकडं का जायला लागले, ते सांगतो. आमच्याकडं पूर्वी अकरावीचा प्रवेश म्हणजे निकाल लागला की एसटीत बसायचं, जवळच्या कॉलेजात जायचं, फॉर्म हातानं भरायचा. आता सगळं ऑनलाइन. मुलानं दहा कॉलेजांपर्यंत यादी द्यायची, सगळ्यात हवं ते वर. याला पसंतीक्रम म्हणतात. मार्क आणि आरक्षण बघून कॉम्प्युटर त्यातलं एक कॉलेज देतो. नियम दरवर्षी थोडे बदलतात. म्हणून जो फॉर्म भरतो तोच नकळत सल्लागार होऊन बसतो.

सोनाली फॉर्मला हात लावण्याआधी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायची. राहणार कुठं? सकाळची पहिली गाडी किती वाजता? मेसेज कुणाच्या फोनवर येणार? ते झालं की मग चौथा, पुढं काय व्हायचंय. मी स्टाफरूममध्ये तिची नक्कल करून दाखवली होती. "हे समुपदेशन आहे की एसटीची चौकशी खिडकी?" सगळे हसले. हेडसरांनी मात्र मान वर करून विचारलं, "विशे, तुमच्या खोलीत आज किती आले?"

तर त्या दिवशी, हेल्मेट काढून, दोन्ही बाजूंची झेरॉक्स घेऊन मी कोपऱ्यात रेंगाळलो. माझ्यानंतर मंगल हिलमचा नंबर होता.

मंगल वैशाखऱ्याच्या कडेच्या कातकरी वाडीतली. घरी आई आणि मोठा भाऊ काळू. दिवाळीनंतर आई वीटभट्टीवर जाते. शेवटची दोन वर्षं ही मामाकडं राहून शाळेत आली. दहावीला सदुसष्ट टक्के, त्यात गणितात चौऱ्याहत्तर. हे चौऱ्याहत्तर तिचे असले तरी त्यात माझा हिस्सा आहे, असं माझं ठाम मत होतं. आणि तो हिस्सा माझ्या डोळ्यांसमोर सोनाली घेऊन चालली होती.

मंगलला नर्स व्हायचं होतं. सोनालीनं प्रश्न विचारले, थोडा विचार केला आणि एका चिठ्ठीवर लिहून दिलं: 'पहिलं शहापूर, विज्ञान. जीवशास्त्र हवंच. मुलींचं सरकारी वसतिगृह आहे. मावसबहीण तिथंच.' खाली लॉगिन आणि पासवर्ड. चिठ्ठी फॉर्मला स्टेपल केली.

दुसऱ्या दिवशी मी नोटीस काढली. सर्वांनी आपले फॉर्म समुपदेशन कक्षात तपासून घ्यावेत. मंगल आली. बिचारी दारातच थांबली, कारण आत पुन्हा लेझिमा पसरलेल्या होत्या.

"गणितात चौऱ्याहत्तर, आणि शहापूर?" मी म्हणालो.

"ताई म्हनली, तिथं वसतिगृह हाय."

"तुझी ताई काय शिकलीय?"

"म्हाईत नाय सर." मग म्हणाली, "पन ती इचारते."

त्या तीन शब्दांनी माझं डोकं फिरलं. पुढचा अर्धा तास मी बोललो. कल्याणचं मोठं कॉलेज, तिथली प्रयोगशाळा, तिथली लायब्ररी. गणित सोडायचं नाही, जीवशास्त्राचं नंतर बघू, इंजिनीअर झालीस तर वाडीचं नाव निघेल. भिंतीवरच्या झाडाच्या सगळ्यात उंच फांदीवर मी पट्टी आपटली.

"कल्याण लांब हाय ना, सर?"

"लांब कसलं? आसनगावहून लोकलनं पाऊण ताससुद्धा लागत नाही. आमच्या गल्लीतली पोरं रोज जातात."

मंगलनं मान डोलावली. ती आसनगावला राहत नाही, हे तिनं सांगितलं नाही. सरांना चूक दाखवायची नसते हे तिला शाळेनंच शिकवलेलं. आणि मी विचारलंही नाही.

शाळेच्या कॉम्प्युटरवर मी तिच्या लॉगिननं फॉर्म उघडला. शहापूर खाली सरकवलं, कल्याण वर. फॉर्म लॉक केला, म्हणजे आता बदल नाही. स्क्रीनचा फोटो काढून स्टाफच्या ग्रुपवर टाकला: 'एका गुणी विद्यार्थिनीला योग्य दिशा.' सहा अंगठे आले. सातवा हेडसरांचा. तो मी बराच वेळ बघत बसलो.

यादी लागली. मंगलला कल्याण मिळालं. पहिलाच पसंतीक्रम. मी मुरबाडहून पेढे आणले, शाळेत वाटले आणि उरलेला बॉक्स घेऊन मुद्दाम सोनालीच्या दुकानात गेलो. तिनं पेढा हातात घेतला.

"मंगलला कल्याण लागलं?"

"लागलं."

"तुम्ही वर टाकलं होतं? एक नंबरला?"

"अर्थात."

सोनालीनं पेढा परत बॉक्समध्ये ठेवला.

मग तिनं मला नियम समजावला. दुसरं-तिसरं कॉलेज मिळालं तर मुलगा थांबून पुढच्या फेरीची वाट बघू शकतो. पण पहिलंच मिळालं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. मग अगदी शेवटी, सगळ्यांसाठी खुली अशी एक फेरी असते, तोपर्यंत घरी बसायचं. तेव्हा ज्या जागा उरतील त्या उरतील.

"कॉलेज सकाळी सातचं. राहणार कुठं ती?" सोनालीनं विचारलं.

"आसनगावहून लोकल..."

"सर, ती वैशाखऱ्याची. आसनगावहून लोकल धरायला तिला आधी तुमच्या गाडीवर मागं बसून आसनगावला यावं लागंल. तुमी तर उलटं, सकाळी इकडं येता."

मी पेढ्यांच्या बॉक्सचं झाकण लावलं. ते नीट लागेना.

घरी जाऊन प्रशिक्षणाची वही काढली. पहिल्या पसंतीचा नियम तिथं होता. माझ्याच अक्षरात. खाली दोन रेघा मारलेल्या.

पुढचे तीन दिवस मी हे प्रकरण कुणाला न कळता मिटवायचा प्रयत्न केला. अनुभवी माणसं असंच करतात. प्रवेशाच्या मार्गदर्शन केंद्रावर गेलो. तिथल्या बाई शांत होत्या.

"विद्यार्थिनीनं स्वतः पसंती दिलेली आहे," त्या म्हणाल्या.

"ती मी दिली."

"तुम्ही विद्यार्थी आहात का?"

"नाही."

"मग तुम्ही पसंती कशी दिलीत?"

सव्वीस वर्षांत मी पोरांना असे प्रश्न विचारत आलो. समोर उभं राहिल्यावर ते कसे लागतात ते त्या दिवशी कळलं.

शेवटी हेडसरांना सांगितलं. त्यांनी ओरडायला हवं होतं. त्यांनी फक्त ग्रुपवरचा आपला अंगठा काढून घेतला. म्हणाले, "घरी जाऊन सांगा. फोनवर नको."

वाडीवर गेलो तेव्हा मंगल आणि तिची आई लोकांच्या शेतावर आवणीला गेल्या होत्या. आवणी म्हणजे भाताची लावणी, या दिवसांत त्यावरच वाडीचं चालतं. काळू दारात बसला होता. तो मुरबाडला एका कंपनीत पॅकिंगचं काम करतो, त्या दिवशी त्याची सुट्टी होती. मी सगळं सांगितलं. मध्ये 'तांत्रिक अडचण' असा शब्द वापरला. काळूनं तो ऐकून घेतला.

"म्हंजे जागा गेली."

"गेली नाही. थांबावं लागेल. शेवटच्या फेरीपर्यंत."

"किती दिस?"

"महिना. थोडं जास्त."

तेवढ्यात दोघी आल्या. पाय पोटरीपर्यंत चिखलानं भरलेले. मंगलनं माझ्यासाठी पाणी आणलं. काळूनं तिच्या देखतच सांगितलं. आवणी आटपली की तिला पॅकिंगला घ्यायला मुकादम तयार आहे. तोवर कॉलेज आणि वसतिगृह दोन्ही झालं तर तो स्वतः तिला शहापूरला सोडून येईल. नाय झालं तर ती कामाला जाईल. "आनि एकदा कामाला लागलेलं मानूस परत शाळंत जात नाय सर. मी नाय गेलो."

मंगलनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. ती वाट बघत होती, की सर आता काहीतरी सांगतील.

"तुमी सांगितलं म्हनून झालं ना," काळू म्हणाला. "मंग आता काय करायचं ते बी तुमीच सांगा."

मी पाणी संपवलं. "सोनालीला विचारू," मी म्हणालो.

हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होतो. चव औषधासारखी होती.

सोनालीनं मला स्टूल दिलं. दुकानात खुर्ची एकच आहे, ती तिची. तिनं कामं वाटून दिली. कागदपत्रं तिनं बघायची. शेवटच्या फेरीची तारीख तिनं बघायची. मी शहापूरला जाऊन वसतिगृहाच्या गृहपालबाईंना भेटायचं, पहिल्या यादीनंतर जागा उरतात का आणि दुसरी यादी कधी, ते विचारून यायचं.

"मेसेज कुणाच्या फोनवर येणार?" तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. काळूचा फोन कामावर असताना बंद. मामाच्या फोनला रेंज नाही. "मग वसतिगृहाच्या फॉर्मवर तुमचा नंबर टाकते. पन सर, मेसेज आला की फक्त आकडे वाचून दाखवायचे. सल्ला नाय."

गृहपालबाई म्हणाल्या, प्रवेशाची पावती आणा, मग अर्ज. आधी नाव धरून ठेवता येणार नाही. मी सव्वीस वर्षांची नोकरी सांगून बघितली. त्यांनी मला चहा दिला, नाव धरलं नाही.

मग थांबणं सुरू झालं. रोज सकाळी शाळेकडं जाताना रस्त्याच्या कडेच्या शेतात बायकांची रांग वाकलेली दिसायची. माझ्या गाडीचा आवाज ओळखून त्यातली एक सरळ उभी राहायची. चिखलाचा हात कपाळाजवळ नेऊन "नमस्ते सर" म्हणायची आणि परत वाकायची. टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं वाटलं असतं. मी दोन दिवस दुसऱ्या रस्त्यानं गेलो. तिसऱ्या दिवशी आवणी त्या रस्त्याला आली होती.

शाळा सुटल्यावर मी सोनालीच्या स्टुलावर बसायचो. कागदांना टाचण्या लावायचो, लोकांचे फोटो कापायचो. माझे विद्यार्थी मला ओलांडून तिच्याकडं जायचे. एक पोरगा तर मला म्हणाला, "सर, जरा सरका ना." मी सरकलो. आतल्या आत जळत होतो, पण आता निदान जवळून ऐकू येत होतं. एका मुलाला आयटीआयला जायचं होतं. ती त्याला म्हणाली, जा, पण दहावीनंतर आयटीआय केलं तर बारावीच्या बरोबरीचं कसं धरतात ते आधी विचारून ये, आणि विचारल्यावर कागदावर लिहून घे. माझ्या भिंतीवरच्या झाडाला आयटीआयच्या पुढं फांदीच नव्हती.

एकदा गर्दी ओसरल्यावर मी विचारलं, "हे प्रश्न विचारायचं तुला कुणी शिकवलं?"

"तुमी."

मी स्टुलावर जरा ताठ झालो.

"नववीत तुमी मला सामान्य गणित घ्यायला लावलं," ती प्रिंटरमधून कागद ओढत म्हणाली. "पुढं काय करायचंय ते इचारलं नाय. मला लॅबमध्ये काम करायचं होतं, रक्त तपासायचं. अकरावीला सायन्सचा फॉर्म घ्यायला गेले तर तिथले बाबू म्हनले, सामान्य गणितवाल्यांना सायन्स नाय."

सामान्य गणित हा तेव्हा दहावीला एक पर्याय होता. सोपं गणित. कच्च्या मुलांना ते दिलं की पास व्हायची खात्री. नंतर तो विषय बंदच झाला. पण तो होता तेव्हा मी तो सढळ हातानं वाटला. त्या वर्षी माझ्या विषयाचा निकाल शंभर टक्के लागला होता आणि शाळेनं माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला होता. त्या शंभरात सोनाली होती.

ती रागावून बोलली नाही. बोलता बोलता तिनं दोन दाखल्यांवर शिक्केही मारले. "म्हनून इचारते," एवढंच म्हणाली. "हा विषय घेतला तर कुठली वाट बंद होते, ते आधी."

मला शरम वाटली. आणि खरं सांगायचं तर त्या शरमेतही मत्सर होता. चूक माझी, आणि शिकून मोकळी झाली ती.

शेवटची फेरी उघडली त्या दिवशी मी तास सोडून दुकानात गेलो. शहापूरला विज्ञानाच्या थोड्या जागा उरल्या होत्या. मंगल शेतातून तशीच आली होती, पाय दाराबाहेरच्या डब्यात धुऊन. सोनालीनं तिला शेजारी बसवलं आणि माऊस तिच्या हातात दिला. "तू दाब." मंगलनं एका बोटानं, जपून, शहापूर एक नंबरला आणलं. मी हात पाठीमागं बांधून उभा होतो.

कॉलेज लागलं. पावती घेऊन वसतिगृहाचा अर्ज गेला. पहिली यादी केव्हाच भरलेली. दुसऱ्या यादीपर्यंत नऊ दिवस होते. वाडीच्या बाजूची आवणी सातव्या दिवशी संपली. काळूनं फोन केला. मुकादम विचारतोय, काय सांगू? मी म्हणालो, दोन दिवस. तो म्हणाला, "दोनच, सर." त्या दोन दिवसांत मी वर्गात फळ्यावर एक उदाहरण दोनदा सोडवलं आणि दोन वेगळी उत्तरं काढली. पोरांनी दोन्ही लिहून घेतली.

नवव्या दिवशी दुपारी माझ्या फोनवर मेसेज आला. मी सोनालीच्या दुकानात जाऊन तो वाचून दाखवला. नाव, अर्ज क्रमांक, वसतिगृह. पुढं काही जोडलं नाही. सोनालीनं माझ्या हातातून फोन घेऊन स्वतः पुन्हा वाचला. मग खणातून एक पेढा काढून दिला. कुणाच्या तरी निकालाचा होता, कडक झालेला. मी खाल्ला.

काळू तिला शहापूरला सोडून आला. बोलल्याप्रमाणे, सुट्टी टाकून. वर्ग सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. भौतिकशास्त्राचे दोन धडे आणि प्रयोगाची पहिली वही तिला मावसबहिणीच्या मैत्रिणीकडून उतरवून घ्यावी लागली. ते दिवस माझ्या खात्यावर आहेत.

त्यानंतर आठवड्याभरानं भर वर्गात माझा फोन वाजला. मंगल. वसतिगृहातल्या कुणाच्या तरी फोनवरून. मी तास चालू असताना बाहेर आलो, पोरांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "बोल मंगल." तिनं सरांना फोन केला होता. सोनालीला नाही.

"सर, सोनालीताईचा फोन लागत नाय," ती म्हणाली. "हितं विषय कायमचे लिहून द्यायचेत, आजच. जीवशास्त्र तर घेतलंच. पन गणित सोडून भूगोल घेतला तर पुढं नर्सिंगच्या पदवीला चालंल का? जरा ताईला इचारून सांगा ना."

उत्तर मला माहीत होतं. नर्सिंगला गणित लागत नाही. चौऱ्याहत्तर मार्क माझ्या डोळ्यांपुढून हळूच निघून गेले.

"थांब," मी म्हणालो. "विचारून सांगतो."

वर्गाला उदाहरणं दिली, हेल्मेट घातलं आणि नाक्यावर गेलो. दुकानात रांग होती. मी रांगेत उभा राहिलो.